दुसरं कडवं

केळशीकर मास्तर कविता शिकवायला उभे राहिले की आधी सगळ्या वर्गाला पुस्तकं मिटायला लावत. बाजारात मिळणारी अर्थाची पुस्तकं एकदोघांकडे असतच. ती दप्तराच्या तळाशी गेल्याची खात्री झाल्याशिवाय मास्तर तोंड उघडत नसत. मग फळ्यावर वळणदार अक्षरात कविता लिहून काढत आणि मुलांकडे वळून विचारत, "हं. कोण बोलतंय? कोणाशी बोलतंय? आणि तू यात कुठं उभा आहेस?"

हा शेवटचा प्रश्न मुलांना कधी कळत नसे. एकदा एकानं घाबरून, "दुसऱ्या बाकावर, मास्तर," असं उत्तर दिलं. वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. "सध्या तेवढं पुरे," म्हणाले, "पण शोधत राहा."

मी चिपळूणचा. रत्नागिरीच्या त्या शाळेत गणित शिकवायला आलो तेव्हा माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये नुसती लाकडी फळ्यांची आडभिंत होती. पहिल्याच दिवशी मी समीकरणं सोडवत होतो आणि पलीकडे तासभर 'परंतु' या एका शब्दावर खल चालला होता. मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "मास्तर, एका शब्दाला अख्खा तास?"

"अहो गणिती," ते म्हणाले, "अधिकउण्याची एक खूण चुकली तर तुमचं उत्तर कुठल्या कुठं जातं ना? मग आमचा 'परंतु' चुकला तर काय होत असेल?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा 'गणिती' झालो. जोगळेकर म्हणून त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

माणूस उंच, काटकुळा. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्यांवर खडूची पूड. स्वभाव मात्र सरळ म्हणावा असा नव्हता. मंद मुलांवर ते चिडत, टोचून बोलत. कोणी स्तुती केली तर तोंड कडू औषध घेतल्यासारखं करत. हेडमास्तरांना तोंडावर म्हणत, "तुम्ही भिता ते सरकारला नव्हे, चपराशाला." केळशीहून आलेला, भिक्षुकाच्या घरातला, वार लावून शिकलेला हा माणूस, पण गरिबीचं कौतुक त्यांना अजिबात नव्हतं. "वारावर जेवलो म्हणून मी मोठा झालो नाही," म्हणत, "वाढणाऱ्याचा चेहरा वाचायला शिकलो, एवढंच."

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते अण्णासाहेब. वकिली उत्तम, मोठमोठ्या आंब्याच्या बागा, अंगात खादी. चळवळीत ते काही महिने तुरुंगात जाऊन आले होते, आणि ते ढोंग नव्हतं. तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांचं वजन निम्मं झालेलं मी स्वतः पाहिलंय. गाव त्यांना मानत होतं आणि मानण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते एखाद्या दुष्ट माणसानं केलं असतं तर मला समजायला सोपं गेलं असतं.

शाळा लाल चिऱ्यांची, तिन्ही बाजूंनी पडवी. त्या पडवीत, मास्तरांच्या वर्गाच्या खिडकीखाली, महारवाड्यातली दोन मुलं बसत. मोठ्याचं नाव भिकाजी. त्यांना वर्गात बसवावं असा सरकारी हुकूम कधीचा आलेला होता. संस्था म्हणे, हळूहळू करू. पावसाळ्यात पडवीत झड येई, तेव्हा ती दोघं पाट्या सदऱ्याखाली धरून भिंतीला चिकटून बसत. मास्तर शिकवताना खिडकीपाशी उभे राहून मोठ्यानं बोलत. त्याहून अधिक त्यांनीही तोवर काही केलं नव्हतं.

मिठाच्या चळवळीच्या दिवसांत कुठून तरी एक कविता गावात आली. छापलेला कागद, खाली कवीचं नाव नाही. प्रभातफेरीत ती गायली जाऊ लागली आणि आठवडाभरात पोरासोरांच्या तोंडी झाली.

घाल टाच तू, घाल शिळा तू, झाक नभाची वाट,
कातळ फोडुन येइल वरती हिरवी अमुची लाट.

ज्याच्या पायी गवत चिरडले त्याला कुठली जाग?
दबलेल्याला ठाउक केवळ दगडाखाली आग.

आमच्याकडच्या माणसाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात आमचा सडा, डोंगरमाथ्यावरचं ते उघडं कातळपठार, तव्यासारखा तापलेला असतो, आणि पुढे त्याच कातळाच्या भेगांतून गवत वर येतं. फेरीत मात्र पहिलंच कडवं पुन्हा पुन्हा म्हटलं जाई. त्याला चाल चांगली बसली होती. दुसऱ्याशी कोणी जात नसे.

मास्तरांनी ती कविता वर्गात घेतली. नेमका त्याच दिवशी शाळाखात्याचा अधिकारी तपासणीला आला. फळ्यावरच्या ओळी त्यानं मोठ्यानं वाचल्या. हेडमास्तर काहीतरी पुटपुटले. मी आडभिंतीपलीकडे खडू हातात धरून ऐकत होतो.

"ही कविता राजद्रोही आहे," अधिकारी म्हणाला.

"साहेब, यात राजा कुठं आहे?" मास्तर म्हणाले. "गवत आहे, दगड आहे, एक टाच आहे. ती कोणाची ते कवीनं लिहिलेलं नाही. तुम्हांला ओळखीची वाटली काय?"

अधिकाऱ्यानं शाळेला कडक ताकीद दिली आणि अनुदान बंद करण्याची धमकीही. पण अण्णासाहेब खंबीर राहिले. "अनुदान गेलं तर मी दारोदार फिरेन, पण मास्तरांच्या केसाला धक्का लागू देणार नाही," असं त्यांनी सभेत सांगितलं. गावानं टाळ्या वाजवल्या. केळशीकर मास्तर एका दिवसात मोठे झाले. बाजारात दुकानदार उठून नमस्कार करू लागले. मास्तरांच्या पत्नीला, जानकीवहिनींना, ज्या घरांतून कधी बोलावणं येत नसे तिथून हळदीकुंकवाची बोलावणी आली. मास्तर सारखे कुरकुरत होते. "काय झालंय काय या लोकांना? मी फक्त विचारलं, राजा कुठं आहे."

शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार ठरला. अण्णासाहेबांच्या आग्रहावरून मास्तरांनी त्या कवितेचं रसग्रहण करायचं असंही ठरलं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं मांडवीच्या बाजूला फिरायला गेलो होतो. मी विचारलं, "काय बोलणार?"

"वर्गात बोलतो तेच. दुसरं मला कुठं येतं?"

पटांगण भरलेलं होतं. पुढे गावातली मोठी मंडळी, मागे मुलं, बाजूला बायका. पटांगणाभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे महारवाड्यातली माणसं उभी होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नव्हतं. अण्णासाहेबांनी मास्तरांच्या गळ्यात हार घातला. मास्तरांनी तो लगेच काढून टेबलावर ठेवला आणि पहिलं कडवं म्हटलं. लोकांनी मागोमाग म्हटलं. मग ते थांबले.

"आता दुसरं कडवं म्हणा," ते म्हणाले.

थोडी चुळबूळ झाली. दुसरं कडवं धड कोणाला येत नव्हतं. मास्तरांनी ते एकट्यानं म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"पहिल्या कडव्यात 'तू' आहे आणि 'अमुची' आहे," ते सांगू लागले. "तू म्हणजे छळणारा, आम्ही म्हणजे सोसणारे. म्हणताना छाती फुगते. पण दुसऱ्या कडव्यात 'अमुची' कुठं गेली? कवी तिथं 'आमच्यावर ज्यानं पाय दिला' असं म्हणत नाही. 'ज्याच्या पायी गवत चिरडले' असं म्हणतो. कोण हा 'ज्या'? कवीनं नाव घातलं नाही. मला वाटतं, मुद्दाम घातलं नाही. कारण त्याला ठाऊक होतं की पहिलं कडवं आपण सगळे 'आम्ही' म्हणून गाणार. म्हणून दुसऱ्यात त्यानं दार उघडं ठेवलंय. जो आत शिरेल तो तिथला."

लोक ऐकत होते. पुढच्या रांगेत एकदोघांनी मानही हलवली.

"चिरडणाऱ्याला जाग नसते, असं कवी म्हणतो. तो वाईट असतो असं म्हणत नाही. त्याला कळतच नाही. साहेबाला कळत नाही, हे आपल्याला पटकन पटतं. आता मी वर्गात विचारतो तो प्रश्न विचारतो. आपण यात कुठं उभे आहोत?" मास्तर वळले आणि गडग्याकडे हात करून म्हणाले, "ती माणसं गडग्यापलीकडे उभी आहेत. त्यांची पोरं पडवीत बसतात. त्यांनी ही कविता म्हटली, तर त्यांचा 'तू' कोण?"

पुढच्या रांगेतल्या माना गडग्याकडे वळल्या. गडग्यापलीकडची माणसं पुढे आली नाहीत. उलट मला वाटतं त्यांतले काही जण मागे सरकले. मग अण्णासाहेब उठले. चेहरा लालबुंद, पण आवाज शांत ठेवलेला.

"मास्तर, आजचा विषय देशाचा आहे."

"मीही देशाबद्दलच बोलतोय, अण्णासाहेब."

"घरची धुणी धुवायला ही जागा नव्हे."

"मग कुठली? सांगा, तिथं धुतो."

सभा तिथंच संपली. टेबलावरचा हार कोणी नेला नाही. घरी जाताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "आज दुपारी तीन घरची बोलावणी आली होती. ती शेवटचीच म्हणायची." आणि खरोखरच ती शेवटची ठरली. पुढे एकदा चुलीपुढे बसून त्या मला म्हणाल्या, "भावोजी, त्या मेल्या कवितेनं माझं हळदीकुंकू खाल्लंन हो." हे सांगताना त्या हसत होत्या, पण डोळ्यांना पदर लावला. धुरामुळे, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कवितेच्या तासाला मास्तरांनी पडवीतल्या मुलांना आत बोलावलं. दुसरा मुलगा पळूनच गेला. भिकाजी दारात उभा राहिला.

"मास्तर, मी हितंच बरा हाय."

"का?"

"बाबा म्हनतो, आत जाऊ नको. बाबा अण्णासाहेबांच्या बागेत राखणीला हाय."

"सरकारचा हुकूम आहे. अण्णासाहेब शिकलेले आहेत. ये आत."

तो आला. शेवटच्या बाकाच्या टोकावर बसला. त्या बाकावरची मुलं उठून भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तरांनी त्यांना तास संपेपर्यंत उभंच ठेवलं. आडभिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला मास्तरांचा अभिमान वाटला. भिकाजीच्या आवाजात काय होतं ते आम्हां दोघांपैकी कोणालाच नीट ऐकू आलं नाही.

पुढच्या दिवसांत वर्ग रिकामा होत गेला. पालकांनी मुलं घरी ठेवली. मग भिकाजीच्या बापाला बागेतून काढलं आणि बागेतलं खोपटंही सोडायला लावलं. कारण दिलं ते आंब्यांच्या चोरीचं. कोणाची खात्री नव्हती, कोणी विचारलंही नाही. मास्तर महारवाड्यात गेले तेव्हा मी बरोबर होतो. भिकाजीचा बाप तिथं भाऊबंदांच्या अंगणात गाठोडं बांधत होता. मुंबईला निघायचं ठरलं होतं. बंदरावर मजुरी मिळेल, असं कोणी सांगितलं होतं.

"पोराला ठेवून जा," मास्तर म्हणाले. "माझ्या घरी राहील. शिकेल."

तो हात जोडून उभा राहिला. "तुमचं उपकार हायत, मास्तर. पण आता नको. तुम्ही अजून काय करायला जाल नि आमच्यावर अजून काय येईल."

भिकाजी गाठोड्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. परतताना मास्तर माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. भाट्याच्या खाडीपाशी आल्यावर म्हणाले, "गणिती, अर्थ मी सांगितला. भोगला कोणी, बघा."

मास्तरांना कामावरून काढलं ते या कारणानं नव्हे. तेवढं धाडस संस्थेनं केलं नाही. बैठकीत अण्णासाहेबांनी शाळाखात्याची ती जुनी ताकीद पुढे ठेवली. राजद्रोही कविता शिकवल्यामुळे शाळेवर सरकारचा रोष आहे, अनुदान धोक्यात आहे, सबब मास्तरांना ठेवता येत नाही. जी ताकीद जुमानली नाही म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच ताकिदीनं मास्तर गेले. इंग्रजांविरुद्ध तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना शेवटी इंग्रजांचाच कागद कामी आला.

मी अण्णासाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसवलं, चहा दिला.

"हे अन्यायाचं आहे," मी म्हणालो. "खरं कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"जोगळेकर, तुम्ही तरुण आहात," ते म्हणाले. "केळशीकरांना कविता कळते. मला गाव सांभाळायचं असतं. आज ही मुलं आत घेतली तर उद्या अर्धं गाव चळवळ सोडून जाईल. आधी स्वराज्य येऊ दे. मग सगळं होईल."

"तोवर ती पडवीत?"

"तोवर थोडी कळ सोसायला हवी."

"कोणी?"

ते उठले. मग दिवाणखान्याच्या दारापर्यंत मला पोचवायला आले. तेवढी सभ्यता त्यांच्यात कायम होती.

काही महिने मास्तरांनी शिकवण्या घेतल्या. मुलं एकेक करून गळाली. शेवटी घरमालकानं जागा मागितली आणि दोघं नवराबायको केळशीला गेली. मूलबाळ नव्हतं. बंदरावर पोचवायला मी एकटाच होतो. पडावात बसताना वहिनी म्हणाल्या, "सांभाळून राहा हो, भावोजी. कविता शिकवू नका." मास्तर समुद्राकडे बघत होते.

वर्षं गेली. प्रांतात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं. शाळेवर झेंडा लागला. त्या वर्षीच्या नव्या वाचनपुस्तकात ती कविता छापून आली. फक्त पहिलं कडवं. खाली टीप होती, 'परकीय सत्तेला उद्देशून कवीने हे उद्गार काढले आहेत.' हेडमास्तर तेच होते. आता ते स्वतः ती कविता शिकवत, मुठी आवळून. पडवीत त्या वर्षी तीन मुलं होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी बोटीनं हर्णैला उतरलो आणि पुढे तरीनं खाडी ओलांडून, पायी असा केळशीला गेलो. पिशवीत ते पुस्तक होतं. ते न्यावं की नाही याचा निकाल मला वाटेतही लागला नव्हता. मास्तर ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. फार वाळले होते, आणि खोकल्याची उबळ आली की हातातलं काम थांबत होतं. पुस्तक मी शेवटी दिलंच. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"दुसरं?"

"गाळलंय."

"चांगलं केलंनी," ते म्हणाले. "नाहीतर त्याचाही काही तरी अर्थ खाली लिहिला असता." पुस्तक मिटून त्यांनी वहिनींकडे दिलं. "आत ठेव. सुपारी गुंडाळायला होईल." आणि लगेच मला विचारलं, "तो भिकाजी कुठं असतो, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. त्याच वर्षी मुंबईत एका लग्नाला गेलो होतो तेव्हा पत्ता काढून त्याला भेटलो होतो. गोदीत मालाची चढउतार करत होता. बाप वारला होता. मला त्यानं ओळखलं, स्टुलावर बसवलं, बाहेरून चहा मागवला. मी मास्तरांचा विषय काढला.

"काय म्हणाला?" मास्तरांनी विचारलं.

मला सांगावंसं वाटत नव्हतं. ते बघत राहिले.

"म्हणाला, मास्तर भला माणूस. त्यांना माझा नमस्कार सांगा. पण त्यांनी मला आत बोलावताना माझं ऐकायला हवं होतं. मी दारात उभा राहून सांगत होतो."

मास्तरांनी हातातली सुपारी खाली ठेवली.  वहिनी दाराशी येऊन परत गेल्या.

"बरोबर बोललान्," शेवटी ते म्हणाले. "साऱ्या गावाला जागा विचारत सुटलो होतो मी. माझी मी विचारली नाही." मग उठून मला म्हणाले, "खाडीवरची तर सुटेल तुमची. निघा आता."

पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेले. बोटी बंद होत्या. बातमी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा दिवसवारही होऊन गेले होते.

शाळेत दुखवट्याची सभा झाली. अण्णासाहेब अध्यक्ष. त्यांनी स्वतः लिहिलेला ठराव वाचला. 'थोर देशभक्त, आदर्श शिक्षक, काव्याचे मर्मज्ञ.' वाचताना दोनदा थांबून त्यांनी डोळे पुसले, आणि तेही ढोंग नव्हतं. ठरावात पुढे एक वाक्य होतं, 'प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना शाळेची सेवा सोडावी लागली.'

मी उभा राहिलो. "हे वाक्य खोटं आहे. ते काढावं."

"जोगळेकर, ही वेळ वादाची नाही," अण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले. "गेलेल्या माणसाचा मान ठेवू या."

"मानच ठेवायचा तर खरं लिहा. त्यांना काढलं होतं, आणि का काढलं तेही लिहा."

कोणीतरी मागून "बसा, बसा" म्हणालं. हेडमास्तर माझ्या कोटाची बाही ओढू लागले. मी बसलो नाही. ठराव मताला टाकला गेला. सगळ्यांनी हात वर केले, मग दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले आणि पांगले.

त्या सभेचं इतिवृत्त शाळेच्या दप्तरात आहे. ठराव एकमतानं संमत झाला, असं त्यात लिहिलंय. तो एकमतानं झाला नाही. माझा हात खाली होता.